सेलच्या डब्यातली मिरी

आमच्या घरात सेल दोन प्रकारे संपतो. एक तर तो उतरतो, नाहीतर तो जातो. उतरलेला डब्यात परत ठेवायचा आणि गेलेला टाकून द्यायचा. बहुतेक घरांत हे दोन्ही शब्द सर्रास वापरतात, पण समोरचा सेल उतरलाय की गेलाय हे ओळखायचं कसं ते कुणालाच सांगता येत नाही. रिमोट चालेनासा झाला की आधी तो तळहातावर आपटतात. मग सेल जागच्या जागी बोटाने गोल फिरवतात, मग बाहेर काढून दाताखाली दाबतात, आणि इतकं करूनही टीव्ही लागला नाही तर जाहीर करतात की सेल गेला.

मला मात्र ओळखता येतं, कारण तेच माझं काम आहे. साकीनाक्याच्या एका गल्लीत, खाली पत्रा कापणारे आणि वर आम्ही, अशा इमारतीत आमच्या कंपनीचं युनिट आहे. लाईट गेली की आपोआप लागतात ते घरगुती दिवे आम्ही बनवतो. वॉरंटीत परत आलेला दिवा माझ्या टेबलावर येतो तेव्हा त्याच्यावर चिठ्ठी चिकटवलेली असते, 'बॅटरी गेली'. मी ती बॅटरी नीट चार्ज करते, मग ठरावीक लोड लावून रिकामी करते आणि आतून खरंच किती निघालं ते मोजते. निम्म्याहून जास्त वेळा बॅटरी धडधाकट असते. दुकानदाराच्या फळीवर खोक्यात पडून पडून ती नुसती रिकामी झालेली असते. इतकी वर्षं झाली तरी मला या चिठ्ठीचा राग येतो. टेबलावरची मुलं म्हणतात, मॅडम चिडल्या म्हणजे बॅटरी चांगली निघाली.

बॅटरीच्या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टी होतात आणि लोक दोन्हींना एकाच पोत्यात घालतात. पहिली अशी, की ती नुसती ठेवून दिली तरी हळूहळू रिकामी होते. कुणी हात लावत नाही, काही चालवत नाही, तरीसुद्धा आत रसायनांचं बारीक काम चालू असतं आणि भरलेला चार्ज कमी कमी होत जातो. उकाड्यात आणखी लवकर. यात बॅटरीचं बिघडलेलं काही नसतं, पुन्हा भरली की ती पहिल्यासारखी चालते. दुसरी गोष्ट म्हणजे बॅटरीची धरून ठेवायची ताकदच कमी होते. ती वापराने होते, तापल्याने होते, चार्जरवर विसरून राहिल्याने होते. आतून क्षार चढलेल्या कळशीत काठोकाठ भरलं तरी पाणी कमीच मावतं, तसं. चार्जरचा हिरवा दिवा लागतो, पण बाहेर काढली की थोड्या वेळात खेळ खलास. ती खरी गेलेली. बाहेरून मात्र दोन्ही एकसारख्या दिसतात, आणि उतरलेली तशीच फार दिवस पडू दिली तर तीही जाते. म्हणून मी नेहमी सांगते, आधी भरून बघा आणि मग बोला.

हे सगळं सांगायचं कारण आई.

आई सिंधुदुर्गातली, लग्न होऊन मुंबईत आली. आजोबा गिरणीत होते, बाबा ऑफिसात लागले आणि त्यांनी मुलुंडला घर घेतलं. तिथेच मी आणि दादा वाढलो. आईचा सगळ्यावर एक उपाय होता, ऊन दाखवणं. डाळी, गाद्या, कोकमं, लोणच्याच्या बरण्या, सगळ्यांना वर्षातून एकदा खिडकीच्या ग्रिलमध्ये बसावं लागे. त्यात टॉर्चचे सेलही असत. आणि गंमत म्हणजे जुने साधे सेल ऊन खाऊन थोडा वेळ खरोखर चालायचे. गरम झाल्यावर त्यांच्यात उरलासुरला जोर येतो, एवढंच. पण आईच्या दृष्टीने ते औषध होतं आणि ते लागू पडत होतं.

गेल्या वर्षी बाबा गेले. दादा त्याच दिवसांत आईला घाटकोपरला स्वतःच्या घरी घेऊन गेला. वहिनी जिवाला जीव देणारी आहे, त्यामुळे तिने आईला कशालाही हात लावू दिला नाही. "आई, तुम्ही बसा," हे तिचं पालुपद. आई बसली. बसता बसता आडवी व्हायला लागली. मी बोरिवलीहून रविवारी जायचे तेव्हा ती सोफ्याच्या एका टोकाला असायची, टीव्ही चालू आणि नजर भलतीकडे. चहा करू का, असंसुद्धा विचारेना. एकदा तिने माझ्या मुलीला माझ्या नावाने हाक मारली, आणि चूक लक्षात आल्यावरही सुधारली नाही. मी घाबरले, हे खोटं कशाला बोलू.

मग एका रविवारी ती मला म्हणाली, मला घरी सोड. घर म्हणजे मुलुंड. दादा ऐकेना. शेवटी एका अटीवर तयार झाला. त्याने बिनवायरची बेल आणली. बटण आईच्या गळ्यात अडकवलेलं आणि वाजणारी पेटी समोरच्या काकूंच्या स्वयंपाकघरात. काकू आमच्या लहानपणापासून समोर राहतात, दिवसभर घरी असतात, आणि आईला कुणी काही बोललं तर आईच्या आधी त्यांना राग येतो. बटण दाबलं की काकू धावत येणार, हे ठरलं. पेटीत दोन साधे पेन्सिल सेल होते. दादाने सांगितलं, "हे चाललं तर तू इथे राहा. नाही चाललं तर माझ्याकडे. मग पुन्हा विषय काढायचा नाही." आईने मान हलवली.

मुलुंडला आल्यावर पहिला आठवडा ती नुसती या खोलीतून त्या खोलीत फिरली. मग एक दिवस फोन आला की बाजारात चांगल्या कुर्ल्या आल्यात, रविवारी ये. मी गेले तेव्हा ती ओट्यापाशी उभी राहून कुर्ल्यांच्या नांग्या तोडत होती, आणि वाटण कमी पडलं म्हणून स्वतःवरच करवादत होती. मी तिच्याकडे बघत बसले. तेवढ्यात लाईट गेली. आईने टॉर्च घेतली, बटण दाबलं, काही नाही. टॉर्चमध्ये मीच कधीतरी आणून दिलेले चार्जिंगचे सेल होते.

"भरून ठेवले होते मी हे," आई म्हणाली. "घाटकोपरला जायच्या आधी भरले. कुणी वापरलेच नाहीत."

"न वापरताही संपतात ते. आपोआप."

"असं कसं? भरलेलं जातं कुठे?"

"गळतं."

"गळलं असतं तर टॉर्च ओली नसती झाली?"

"तसं नाही गळत गं आई."

"मग काय, उडतं?"

उडतं हा शब्द तिचा. मला तो एकदम आवडला. मी म्हटलं, "हां, उडतं. कापूर बघ, डबीत बंद करून ठेवला तरी कमी होतो की नाही? कुणी जाळलेला नसतो. तसंच हे."

आईचा चेहरा उजळला. तिला पटलं. मीसुद्धा स्वतःवर खूष झाले. नवीन मुलांना सेल्फ डिस्चार्ज शिकवताना माझी दुपार जाते, आणि इथे कापराच्या एका डबीत काम झालं होतं. मी तिला बजावलं की या सेलना ऊन दाखवायचं नाही, उन्हाने जास्त उडतं. ते तिने तंतोतंत पाळलं. बाकीचं तिने स्वतःच्या डोक्याने पूर्ण केलं, ते मला नंतर कळलं.

पुढे काही आठवडे चांगले गेले. आई खाली उतरून भाजी आणायला लागली. काकूंबरोबर तिची भांडणं सुरू झाली, आणि ती भांडायला लागली म्हणजे मला काळजी राहत नाही. दादा रोज जेवणाच्या सुट्टीत तिला फोन करायचा. तिने उचलला की म्हणायचा, काही नाही, सहज. आणि ठेवून द्यायचा.

एक दिवस तिने उचलला नाही. त्याने पुन्हा लावला, पुन्हा लावला, आणि मग ऑफिसमधून तसाच उठून मुलुंडला गेला. त्याच्याकडे किल्ली होती. आई आतल्या खोलीत कपाटाला टेकून जमिनीवर बसली होती. सकाळी अंघोळ करून येताना पाय मुरगळला होता आणि घोटा टम्म सुजला होता. फोन स्वयंपाकघरात राहिलेला. सकाळपासून ती बटण दाबत होती. काकू समोरच्या घरात होत्या, जाग्या होत्या, पोळ्या करत होत्या. पेटी वाजलीच नव्हती.

दादाने मला फोन केला. "ये," एवढंच म्हणाला. "आईचं काहीतरी बिघडलंय."

मी साकीनाक्याहून रिक्षाने पोचेपर्यंत खालचे डॉक्टर येऊन गेले होते. हाड शाबूत होतं, घोटा बांधून आई पलंगावर पडली होती. काकू दारात उभ्या राहून रडत होत्या. "माझ्याच घरात आणि मलाच कळलं नाही गं," असं म्हणत त्या पुन्हा पुन्हा हातात आणलेल्या पेटीकडे बोट दाखवत होत्या. मी पेटी उघडली. आत चार्जिंगचे सेल. म्हणजे साधे सेल संपल्यावर आईने डब्यातले घातले होते. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, हो, तिने स्वतः येऊन बदलले, म्हणाली आता चिंता नाही.

दादाने मला स्वयंपाकघरात नेलं आणि एक स्टीलची डबी माझ्यापुढे धरली. आत दोन पेन्सिल सेल आणि मूठभर काळी मिरी.

"मिरी आहे ही," दादा म्हणाला. आवाज एकदम खाली आलेला. "सेलच्या डब्यात. खणात ठेवली होती, चार्जरच्या शेजारी. आता सांग."

मी बघितलं आणि मला हसू फुटलं. आवरलंच नाही.

"तुला हसायला येतंय? तिला सेल आणि मसाला कळत नाहीये. काल मिरी, उद्या गॅस चालू ठेवून झोपेल. आईची बॅटरी उतरलीय गं आता. मान्य कर."

माणसांना बॅटरीची उपमा दिली की माझं डोकं फिरतं. दिवसभर मी बॅटऱ्याच बघते, मला फरक माहीत आहे. मी म्हटलं, "उतरलीय म्हणालास ना? गेली नाही म्हणालास. तेवढं लक्षात ठेव." मग तिथूनच मोठ्याने विचारलं, "आई, सेलच्या डबीत मिरी का घातलीस?"

आतून आई वैतागून म्हणाली, "तूच म्हणालीस ना कापरासारखं उडतं म्हणून. कापरात मिरी घालतात."

दादा माझ्याकडे बघत राहिला. आमच्या देवघरात कापराच्या डबीत कायम मिरीचे दाणे असायचे, कापूर उडू नये म्हणून. ते आम्ही दोघांनी जन्मभर बघितलं होतं. आरती झाल्यावर कापूर समजून मिरी चावण्याचा पराक्रमही त्याने लहानपणी केला होता. त्याने डबी ओट्यावर ठेवली आणि स्टुलावर बसला.

"म्हणजे तिला सगळं कळतंय," तो म्हणाला.

"सगळं. मी सांगितलेलं एका वाक्यात कळलं, आणि त्यावर उपायही शोधला. चुकलं ते एवढंच, की सेलला मिरीने काही होत नाही. पण उपाय केल्यावर ती निर्धास्त झाली, आणि निर्धास्त होऊन तेच सेल तिने काकूंच्या पेटीत घातले. अशा बेलमध्ये चार्जिंगचे सेल घालायचेच नसतात. पेटी वाट बघत बसून राहते आणि सेल आपले आपले रिकामे होत राहतात."

"ते सगळं ठीक आहे," दादा म्हणाला. "पण सकाळपासून ती जमिनीवर होती. तिचं डोकं शाबूत आहे म्हणून ती कमी वेळ जमिनीवर होती का? अट ठरली होती. बेल चालली नाही. रविवारी मी तिला न्यायला येतोय."

त्याचं बरोबर होतं. आत आईने ते ऐकलं असणार, कारण मी गेले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. घाटकोपरच्या सोफ्यावर जशी दिसायची तशीच. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तरी ती वळली नाही. ती पुन्हा तशी झालेली मला चालणार नव्हती. त्या क्षणी मला दादाचा नाही, माझाच राग आला, की दिवसभर मोजून बघणारी माझ्यासारखी बाई अशा वेळी नुसती पाठ थोपटत बसते.

रविवारपर्यंत काकू आईजवळच राहणार होत्या, म्हणून निघताना मी पेटीतले दोन आणि डबीतले दोन असे सेल बरोबर घेतले. साकीनाक्याला माझ्या टेबलावर लावले, पूर्ण भरले, मग एकेक करून रिकामे करत मोजले. दोन उत्तम निघाले, अगदी नव्यासारखे. त्यातला एक काकूंच्या पेटीतला, म्हणजे ज्याच्यामुळे बेल वाजली नाही असं आम्ही समजत होतो तोच. तिसरा थोडा थकलेला. चौथा मात्र गेला होता. त्याच्यात आता काही मावत नव्हतं, किती भरलं तरी. बहुतेक त्याला कधीकाळी ऊन दाखवून झालं असणार. दुसऱ्या दिवशी दुपारी मी दादाला फोन लावला आणि हे सगळं सविस्तर सांगितलं.

त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सेलचं सांगू नकोस. आईचं सांग."

मी खुर्ची मागे सरकवली आणि आईचं सांगितलं. "तिचे गुडघे दुखतात ते आता पहिल्यासारखे व्हायचे नाहीत. नावं विसरते ती पुढेही विसरणार, कदाचित जास्त विसरेल. कमी दिसतं ते तसंच राहणार. हे गेलंय आणि ते मी नाकारत नाही. पण तुझ्या घरी ती चहा करत नव्हती, आणि मुलुंडला येऊन तिने कुर्ल्या साफ केल्या. तुझ्या घरी ती काय बोलायची आठव. इथे ती काकूंशी भांडते. मी सांगितलेल्या एका उदाहरणावर घरात बसून विचार करते. तिला तिथे नेलंस तर काय होईल ते आपण दोघांनी बघितलंय. वहिनीचा काही दोष नाही त्यात. बसून राहिल्यानेच होतं ते."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आणि दार लोटल्याचा आवाज आला.

"बाबांनी त्या दिवशी मला फोन केला होता," तो म्हणाला. "माहितीय तुला?"

मला माहीत नव्हतं.

"मीटिंगमध्ये होतो. सायलेंटवर होता फोन. बाहेर येऊन बघितलं तर त्यांचा मिस्ड कॉल, आणि त्यानंतर आईचा. आईचा उचलला तेव्हा सगळं झालेलं होतं." मग म्हणाला, "आई फोन उचलत नाही ना, की मला तोच मिस्ड कॉल दिसतो. तू म्हणतेस ते बरोबर असेल. मला नाही झेपत."

रविवारी येते, एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला. खाली पत्र्याचं मशीन चालू झालं आणि टेबल थरथरायला लागलं. मी त्या चौथ्या सेलवर फुली मारून तो वेगळ्या खोक्यात टाकला.

रविवारी मी त्याच्या आधी पोचले. काकूंच्या पेटीत नवे साधे सेल घातले, आणि चार्जिंगचे चांगले दोन आईच्या रेडिओत घातले, कारण तो रोज तासन् तास वाजतो. रोज लागतं तिथे चार्जिंगचे, आणि वाट बघत पडून राहतं तिथे साधे, एवढा एकच नियम मी तिला सांगितला. कापराचं नाव काढलं नाही. शिवाय आईने रोज सकाळी चहा झाला की बटण एकदा दाबायचं, आणि काकूंनी दार उघडून हजेरी द्यायची, असं ठरवलं. काकू म्हणाल्या, मी हजेरी देईन, पण चहा तिने पाजायचा. आईने तोंड वाकडं केलं आणि कबूल केलं.

दादा आला तो रिकामी बॅग घेऊन, आईचे कपडे भरायला. मी त्याच्या हातात बटण दिलं. त्याने दाबलं. समोरून पेटी वाजली आणि काकूंनी ओरडून विचारलं, "काय गं, आहेस ना?" त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा काकू ओरडल्या. तिसऱ्यांदा दाबल्यावर काकू लाटणं हातात घेऊनच दारात आल्या, आणि दादाला बघून परत गेल्या. त्याला हसू आलं, पण बॅग त्याने खाली ठेवली नाही.

आई पाय स्टुलावर ठेवून खुर्चीत बसली होती. तिने त्याला समोर बसायला सांगितलं. मी तिला फोनवरचं काही सांगितलं नव्हतं. तिला सांगायची गरजच नव्हती.

"त्यांनी तुला फोन लावला तेव्हा मी तिथेच होते," आई म्हणाली. "मीच नंबर काढून दिला. तू उचलला नाहीस."

दादा खाली बघत होता.

"उचलला असतास तरी काय झालं असतं? ऑफिसातून येईपर्यंत ते थांबले नसते. मी शेजारी होते, हात धरला होता, माझ्यासाठीसुद्धा थांबले नाहीत. तुझ्यासाठी कुठले थांबतायत." हे ती अगदी साधेपणाने म्हणाली, बाजारात मासे महाग झाले हे सांगावं तशी. "तू इतके दिवस तेच धरून बसलायस होय?"

त्याने मान हलवली. चाळिशी उलटलेला माणूस, आणि तो आईसमोर ढसाढसा रडला. मी खिडकीपाशी गेले. मला रडताना कुणी बघितलेलं आवडत नाही.

त्याचं रडणं आईने पूर्ण होऊ दिलं. मग तिचा स्वर बदलला. एरवी ती आमच्याशी मुंबईचीच मराठी बोलते, पण पक्कं काही ठरवलं की मालवणीत जाते. म्हणाली, "भियातस तर तू. माका खंय भय वाटता? मगे तूच येवन रव हंय."

तूच इथे येऊन राहा, हे ऐकून दादाला वाटलं ती चेष्टा करतेय. ती चेष्टा करत नव्हती. तो बाबांच्या पलंगावर जाऊन बसला, तिथली चादर त्याने हाताने सारखी केली, आणि ती रिकामी बॅग पलंगाखाली सरकवली. घरी फोन करून दर शनिवारी इथे राहायला येऊ का म्हणून विचारलं तर वहिनी म्हणाली, खुशाल जा, शनिवार-रविवार टीव्ही तरी माझ्या हातात राहील.

तेव्हापासून दादा शनिवारी मुलुंडला असतो. येतो, जेवतो, बाबांच्या पलंगावर आडवा होतो आणि आई सांगते की झोपतो तो थेट उन्हं वर येईपर्यंत. घाटकोपरला त्याला इतकी झोप लागत नव्हती म्हणे. आईचा घोटा बरा झाला. नावं ती अजूनही चुकते, माझ्या मुलीला अजूनही माझ्या नावाने हाक मारते, आणि माझी मुलगी आता ओ देते.

परवा मीच आईला म्हटलं की इतके दिवस झाले, आता चार दिवस माझ्याकडे बोरिवलीला ये, हवाबदल होईल.

"येईन गं," आई म्हणाली. "पण शनिवारच्या आत परत सोड. तो येतो ना. मी दिसले नाही तर घाबरतो. त्याला एकटं सोडवत नाही मला."